राजे गजधीर आणि मधमाश्यांचा ऑनलाइन वर्ग

मेढेगडच्या राजे गजधीरांनी हट्टच धरला. मधमाशीपालनाच्या ऑनलाइन कोर्सचं प्रमाणपत्र हवं, पण अभ्यास करणार नाही!

शेजारच्या सोनखडीच्या राजाने त्याच कोर्सचं प्रमाणपत्र चांदीच्या चौकटीत लावून त्याचा फोटो पाठवला होता. खाली लिहिलं होतं, ‘तुम्हाला जमेल का?’

राजेंनी त्याच घटकेला नाव नोंदवलं. पहिल्या दिवशी मोबाईलवर गुरुजींनी ‘नमस्कार’ म्हटलं आणि राजे घोरायला लागले. माईक मात्र चालूच! “गुरुजी, हा राणीमाशीचा आवाज का?” एका विद्यार्थ्याने विचारलंसुद्धा.

राजे उठले ते चिडूनच.

“मी धडा घोकणार नाही! माझ्या जागी दुसऱ्याने परीक्षा द्यायची नाही! लबाडी चालायची नाही! आणि प्रमाणपत्र मिळालंच पाहिजे!”

“सरकार, मोबाईल उशीखाली ठेवून झोपावं,” दिवाण त्र्यंबकपंत म्हणाले. “ज्ञान आपोआप डोक्यात झिरपेल.”

राजेंनी करून पाहिलं. मान तेवढी आखडली. दिवाणजींची रवानगी तबेल्यात झाली, घोड्यांना वारा घालायला.

ही गोष्ट मुदपाकखान्यात पोचली. तिथे मेथीची पाटी उतरवत होती गोजरा, एका शेतकऱ्याची लेक. ती पदर खोचून थेट दरबारात आली.

“महाराज, मी मिळवून देते प्रमाणपत्र! पण त्या कोर्सात माझंही नाव घालायचं. आमच्या वाडीत मोबाईलला रेंज नाही. मला इथेच बसून शिकू द्यायचं.”

“आणि जमलं नाही तर?”

“मीही घोड्यांना वारा घालीन.”

“घोडे आधीच गारठलेत! तुला गाढवावर उलटं बसवून गावभर फिरवीन!”

गोजरा म्हणाली, “चालेल!”

दुसऱ्या दिवशी राजे पोहे खायला बसले, तशी गोजरा कोपऱ्यात मोबाईल मोठ्याने लावून बसली. रेकॉर्ड केलेला धडा छोटासाच होता. तो संपल्यावर ती पुटपुटायला लागली, “राणीमाशी सिंहासनावर बसते... तिचा मुकुट मेणाचा असतो...”

राजेंचा घास हातातच राहिला. “असं म्हणाले गुरुजी?”

“असंच काहीसं. मला मेलीला नीट कळलंच नाही.”

“मागे घे तो धडा! मला ऐकू दे!” राजेंनी ऐकलं आणि कपाळावर हात मारला. “अगं वेडे, मुकुटबिकुट काही नाही! राणीमाशी अंडी घालते. सगळी कामं कामकरी माश्या करतात!”

“आणि नर माश्या?”

“त्या नुसतं आयतं खातात!”

सगळे दरबारी एकदम आपापल्या पायातल्या जोड्यांकडे बघायला लागले.

मग रोज पोह्यांच्या वेळी एक धडा आणि गोजराचा एक गोंधळ, असं सुरू झालं. “पोळ्याजवळ धूर कशाला करायचा महाराज? माश्यांना सर्दी होते म्हणून?”

राजे अडले. त्यांना ते मुळीच सहन झालं नाही. गुरुजींच्या पुढच्या थेट वर्गात त्यांनी स्वतः कॅमेरा लावला, हात वर केला आणि गरजले, “गुरुजी! आमच्या पोरीला धूर समजला नाही, पुन्हा सांगा!” कुणीतरी प्रश्न विचारला म्हणून गुरुजींना एवढा आनंद झाला, की धुराने माश्या कशा शांत होतात ते त्यांनी तीन तऱ्हांनी सांगितलं. राजेंनी तेच गोजराला चौथ्या तऱ्हेने सांगितलं.

पुढे पुढे तर पोहे यायच्या आधीच हाक यायची, “गोजरा! कुठे आहेस? धडा लाव!”

परीक्षेचा दिवस उजाडला. अंगणात गाढव आणून बांधलं होतं.

“मी काडीचा अभ्यास केलेला नाही, सगळ्यांनी ध्यानात ठेवा!” असं बजावून राजेंनी पहिला प्रश्न वाचला. “अरे, हे तर मी गोजराला सांगितलंय! हेही सांगितलंय! आणि हे? हे सांगता सांगता तर माझा घसा बसला होता!”

राजे पास! मग गोजराने परीक्षा दिली. तीही पास! दरबारात टाळ्यांचा कडकडाट झाला.

तेवढ्यात अंगभर गवत चिकटलेले दिवाणजी धावत आले. “सरकार, घात झाला! आपण अभ्यास करणार नव्हता. या पोरीने तो आपल्याकडून करून घेतला!”

राजेंच्या भुवया चढल्या. “गोजरा! मला फसवलंस? माझ्याकडून अभ्यास करवलास?”

बाहेर गाढव ओरडलं.

गोजराने हात जोडले. “महाराज, अभ्यास विद्यार्थी करतो. धडा ऐकून गोंधळ घालणारी विद्यार्थिनी मी. समजावून सांगणारे आपण, म्हणजे माझे गुरुजी! गुरुजींनाच अभ्यास करावा लागला, असं दिवाणजींना म्हणायचंय का? मग त्यांनी ते महाराजांच्या तोंडावर सांगावं!”

दिवाणजींनी राजेंच्या मिशांकडे पाहिलं आणि मुकाट तबेल्याची वाट धरली.

राजे आधी गालात हसले, मग खो खो हसले, मग पोट धरून सिंहासनावरून घसरले. खाली बसल्या बसल्याच त्यांनी गळ्यातला मोत्यांचा कंठा काढला.

“गुरुदक्षिणा शिष्याने द्यायची असते, इथे गुरूच देतोय! घे हा कंठा! आणि तळ्याकाठची आमराईसुद्धा आजपासून तुझी!”