हैबतीची आठ दिवसांची शिदोरी

निमाडात, नर्मदेच्या दक्षिण काठावर, मराठी घरांचं एक गाव होतं. त्या गावात एक भोळा माणूस होता. भोळे तसे प्रत्येक गावात असतात, पण बाकीच्या गावांतले भोळे ह्याच्यापुढं वकील वाटायचे. नाव हैबती.

हैबतीनं जन्मात एक काम पुरं केलं नव्हतं. घराच्या चार भिंती, त्यातल्या दोनच रंगवलेल्या. विहीर खणायला घेतली ती कंबरेइतकी होऊन थांबली, आता तिच्यात कोंबड्या बसतात. का थांबलास विचारलं तर म्हणायचा, मध्येच कुणीतरी दुसरं काहीतरी सांगितलं.

त्याची बायको सगुणा. बारा वर्षं तिनं काढली. शेवटी म्हणाली, "एक तरी गोष्ट शेवटाला न्या. नाहीतर मी माहेरी जाते, आणि गेले की परत यायची नाही."

सगुणेवर हैबतीचा फार जीव. तो घाबरलाच. गावातल्या एका म्हाताऱ्यानं त्याला सुचवलं, नर्मदेची परिक्रमा उचल. मैयाला उजव्या हाताला ठेवायचं, पायी चालायचं, पात्र ओलांडायचं नाही, आणि सगळी नदी फिरून पुन्हा निघालो तिथंच यायचं. मैया एकदा जरी डाव्या हाताला आली तरी परिक्रमा मोडली. हैबतीला हे आवडलं. दुसऱ्या दिवशी झोळी घेऊन तो एकटाच निघाला.

आणि चालला की हो! सव्वीस दिवस सरळ चालला. वाटेत त्याला कुणी काही सांगितलं नाही, म्हणून.

सत्ताविसाव्या दिवशी काठावरचं एक बाजारगाव लागलं. पुढं आठ दिवसांचं जंगल होतं, दुकान दिसणार नव्हतं. तेव्हा शिधा भरायचा, पोटभर जेवायचं, टाचेच्या भेगा दाखवायच्या आणि पुढं व्हायचं, एवढाच बेत होता.

पहिलं दुकान द्वारकाबाईंचं. हैबतीनं पीठ, डाळ, मीठ आणि गूळ घेतला आणि चारी वस्तू झोळीत ओतल्या. वर साबण टाकला आणि नीट बसावं म्हणून झोळी हलवली. द्वारकाबाईंनी डोक्याला हात लावला. म्हणाल्या, बाबाजी, असं एकात एक घालू नये. जे ते वेगळं करावं, वेगळ्या पुडीत बांधावं.

"बरं झालं सांगितलंत," हैबती म्हणाला. "मला काय ठाऊक!"

द्वारकाबाईंनी भल्या मनानं सगळं नव्यानं बांधून दिलं. हैबती अन्नछत्रात गेला. पानात खिचडी पडली. हैबतीनं बघितलं तर काय, एकात एक घातलेलं. तो मांडी ठोकून बसला आणि तांदूळ एकीकडं, डाळ एकीकडं करायला लागला. मोहरी तिसरीकडं. पंगत उठली, दुसरी बसली, तीही उठली. हा आपला शितं मोजल्यासारखा पुड्या बांधतोय. वाढपी आला आणि बघतच राहिला. त्यानं समजावलं, महाराज, समोर आलं ते मुकाट्यानं पोटात घालावं, शिल्लक ठेवू नये.

"बरं झालं सांगितलंत. मला काय ठाऊक!"

मग हैबती दवाखान्यात गेला. डॉक्टरीणबाईंनी टाचा बघितल्या, भेगा बोटभर खोल. त्यांनी मलमाची नळी समोर ठेवली आणि पट्टी आणायला आत गेल्या. समोर आलं म्हटल्यावर हैबतीनं मुकाट्यानं नळी तोंडात पिळली. शेवट शेवट निघेना म्हणून दातांनी दाबली. बाई बाहेर आल्या तेव्हा तो नळी चाटत होता. बाईंनी कपाळाला आठ्या घातल्या, त्याला दोन तांबे पाणी पाजलं, तासभर समोर बसवून ठेवलं आणि दुसरी नळी देताना बजावलं. हे खायचं नसतं. जिथं चिरलंय तिथं चोळायचं, वर पट्टी बांधायची, आणि त्याच्यावर भार टाकायचा नाही.

"बरं झालं सांगितलंत. मला काय ठाऊक!"

दवाखान्याच्या पायरीवर उजव्या चपलेचा अंगठा चिरला. आता तुम्ही-आम्ही काय केलं असतं? हैबतीनं अर्धी नळी अंगठ्याला चोळली, वर पट्टी बांधली, आणि भार नको म्हणून चप्पल तान्ह्या पोरासारखी कडेवर घेतली. दुसरी पायात. असा लंगडत लंगडत तो बाजारभर फिरला. चपला शिवणाऱ्या मोतीरामनं ते बघितलं आणि हातातली आरी खाली ठेवली. हसू आवरून त्यानं पट्टी सोडली, मलम पुसलं, चार टाके घातले. मग त्याला त्या भेगाळलेल्या पायांची दया आली. म्हणाला, "बाबाजी, पुढं जंगल आहे, तिथं मोतीराम बसलेला नाही. काही तुटलं, काही राहिलं, तर तसंच रेटून पुढं जाऊ नका. लक्षात आलं तिथूनच मागं फिरायचं, राहिलेलं पुरं करायचं, मग पुढचं पाऊल."

"बरं झालं सांगितलंत. मला काय ठाऊक!"

झोळी भरली, पोट भरलं, चप्पल धड झाली. हैबती निघाला. वाटेत पुन्हा द्वारकाबाईंचं दुकान. बाईंनी एवढं केलं, न सांगता कसं जायचं? तो म्हणाला, "बाई, जातो."

"असं अभद्र बोलू नये," द्वारकाबाई म्हणाल्या. "निघताना 'येतो' म्हणावं. घरून निघताना तरी म्हणालात ना?"

हैबती उभ्या जागी गार पडला. घरून निघताना सगुणा दारात उभी होती आणि हा तिला काहीच न बोलता निघाला होता. म्हणजे राहिलं होतं. आणि राहिलं की पुढं जायचं नाही.

पण मागं फिरायचं म्हणजे वळायचं, आणि वळलं की मैया डाव्या हाताला. मग परिक्रमा मोडली आणि सगुणा माहेरी गेली. हैबतीनं घटकाभर विचार केला. मग तोंड होतं तिकडंच ठेवलं, मैया होती त्या हाताला ठेवली आणि पाय मागं टाकायला लागला.

सत्तावीस दिवसांची वाट त्यानं बावन्न दिवसांत उलटी काटली. दोनदा बाभळीत पडला, एकदा लग्नाच्या मांडवात शिरला. गावोगावच्या लोकांना वाटलं, काहीतरी फार कडक व्रत आहे. बिचारे पाया पडायला वाकायचे, तोवर पाय लांब गेलेले असायचे. जंगलासाठी घेतलेला शिधा पहिल्या आठवड्यातच संपला, पण लोकांनी काही कमी पडू दिलं नाही. दर रविवारी तो सगुणेला फोन करायचा. ती विचारायची, चालताय ना, मैया कुठल्या हाताला? हा म्हणायचा, चालतोय, उजव्याच. खोटं एक अक्षर नाही.

एकोणऐंशीव्या दिवशी, भर दुपारी, सगुणा अंगणात ज्वारी पाखडत होती. गल्लीतून एक पाठ येताना दिसली. सदऱ्याचं ठिगळ तिचंच. सूप हातातून खाली पडलं. परिक्रमेला लोकांना तीन वर्षं लागतात, ती ह्यांनी तीन महिन्यांच्या आत उरकली, असं तिला वाटलं. शेजारच्या कौसाकाकू थाळी बडवत आल्या. सगुणेच्या डोळ्यांत पाणीच आलं.

"पुरी झाली?" तिनं विचारलं.

"नाही," हैबती म्हणाला. "'येतो' म्हणायचं राहिलं होतं, ते म्हणायला आलो." आणि मान तेवढी मागं करून म्हणाला, "येतो गं."

सगुणेनं पडलेलं सूप उचललं. मग ती म्हणाली, "अहो, दर रविवारी फोन करत होतात. फोनवर म्हणता आलं नसतं?"

"फोनवर 'ठेवतो' म्हणतात," हैबती म्हणाला आणि चालायला लागला.

कौसाकाकूंची थाळी हातातच राहिली. त्यांनी हळूच विचारलं, आता तू माहेरी जाणार का गं?

सगुणा त्या ठिगळाकडं बघत होती. ते गल्लीच्या टोकाला पोचलं होतं.

"कशी जाणार?" ती म्हणाली. "येतो म्हणून गेलेत."