सशाच्या पायाखालची फरशी

मुलांनो, एका रानात एकच तळं होतं, आणि तिथं जायच्या वाटेवर ओलसर काळी माती. पाय रुतायचे. शेवटी रानडुकरानं पुढाकार घेतला, त्या मातीवर दगडी फरश्या टाकल्या आणि झकास रस्ता केला. मग परीक्षेला हत्तीला बोलावलं. हत्ती या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेला. एक फरशी हलली नाही! "हत्ती पेलला, आता कुणाचीच काळजी नको," डुक्कर ऐटीत म्हणालं.

रस्त्याखालीच साळूचं बीळ होतं. ती अंगावरचे काटे सावरत बाहेर आली. "दादा, हत्ती गेला तेव्हा माझं छत खाली दबलं, मग पुन्हा वर आलं. पण पुरतं नाही आलं, केसभर खालीच राहिलं. काळी माती काढून खाली मुरूम भरा, थर देऊन चांगला ठोका."

"केसभरानं काय आभाळ कोसळतंय? आणि खालचं बघायला जातंय कोण!" डुक्कर हसलं.

झालं! गव्यांचा कळप रोज सकाळी जाई, संध्याकाळी परत येई. नीलगायी, हरणं, सांबरं, सगळ्यांचा तोच रस्ता. वरून काही दिसत नव्हतं. साळूला मात्र बिळात वाकून चालावं लागू लागलं. तिनं दोनदा सांगून पाहिलं, कुणी मनावर घेतलं नाही.

भर वैशाखात एके दिवशी ससा टुणकन एका फरशीवर उतरला, आणि काड्‌कन तिचे दोन तुकडे झाले. सगळे धावून आले. "यानंच मोडली! मी डोळ्यांनी पाहिलं!" कोल्हा ओरडला. डुकराचा तर पारा चढला. "उद्यापासून तळ्यावर पाऊल टाकायचं नाही!" असल्या उन्हात तळं बंद म्हणजे बिचाऱ्याचा जीवच जायचा की हो! ससा कान पाडून मागं सरकला.

साळूला राहवलं नाही. "दादा, हत्तीनं जी मोडली नाही, ती या मूठभर जिवानं कशी मोडली? शेजारची फरशी उचला. तिच्यावर तर ससा उतरला नाही ना?"

डुकरानं सुळा घालून फरशी उलटली. खाली वीतभर खड्डा! दुसरी उलटली, तिसरी उलटली, तेच. खालून प्रत्येकीला तडा गेलेला. डुक्कर मान खाली घालून म्हणालं, "सशानं नाही रे मोडली. आपण सगळ्यांनी रोज थोडी थोडी मोडली, आणि मला सांगितलेलं मी ऐकलं नाही." गव्यांनी माना वळवल्या. कोल्हा हळूच मागं सरकला.

"जा बाळा, आधी पाणी पिऊन ये," डुक्कर सशाला म्हणालं, आणि स्वतः काळी माती उकरायला लागलं.

तात्पर्य काय, तर एकदा पेललेलं ओझं रोज पेलवेलच असं नाही. आणि शेवटचं पाऊल ज्याचं पडलं, त्याच्यावर खापर फोडण्याआधी खालची माती बघावी.