रुबाबरावांचा लॅपटॉप आणि तळहाताएवढं पान

"साठवण सगळ्यात मोठी, मेमरी सगळ्यात लहान, आणि लॅपटॉप मात्र वाऱ्यासारखा पळाला पाहिजे!" थाटनगरच्या रुबाबराव महाराजांनी हुकूम सोडला. "नाही पळाला, तर दाजीबा, तुम्ही पळायचं! बायकोपोरांसकट, राज्याबाहेर!"

दाजीबा दरबारचा कारकून. नव्या लॅपटॉपची मागणी त्यालाच धाडायची होती, तीही त्याच दिवशी, दुपारची पंगत उठल्यावर. राणीसाहेबांनी खर्च मंजूर केला होता तो मोजकाच, आणि त्यांच्यापुढे महाराजांचाही रुबाब चालत नसे. म्हणजे एक वाढवलं की दुसरं कमी करणं आलं.

"महाराज," दाजीबा चाचरत म्हणाला, "साठवणीत वस्तू नुसत्या ठेवायच्या असतात. काम चालतं ते मेमरीत. हातातलं काम पसरायला तिथे जागा लागते..."

"पसरायला? मी काय वाळवण घालतोय?" महाराज गरजले. "शेजारच्या राजाच्या चौपट साठवण पाहिजे मला! माझ्या शिकारीचे फोटो, माझे वाढदिवस, माझं गाणं! एकही पुसायचं नाही!"

आता महाराजांचं गाणं म्हणजे काय सांगू! ते तंबोरा घेऊन बसले की राजवाड्यातली मांजरंसुद्धा माहेरी निघून जायची!

दाजीबा मुदपाकखान्याच्या दारात येऊन मटकन बसला. आत त्याची लेक गोजरा होती. पंगतीत वाढायचं काम तिचं. बापाचा चेहरा बघून तिने हातातली पळी खाली ठेवली आणि सगळं ऐकून घेतलं.

"मग मेमरी वाढवून टाका की!"

"म्हणजे हुकूम मोडला म्हणून आजच हाकलतील! इकडे आड, तिकडे विहीर. या वयात कुठे जाऊ गं मी?"

पण गोजरा रडणाऱ्यातली नव्हती.

"मागणी अजून गेली नाही ना? मग जेवणं होईपर्यंत दम धरा!"

दुपारी पंगत बसली. सगळ्यांपुढे केळीची लांबरुंद पानं. महाराजांपुढे चांदीचा पाट, भोवती रांगोळी, आणि मधोमध तळहाताएवढं पळसाचं एकच पान! त्यावर चिमूटभर मीठ आणि लिंबाची फोड. पान भरलं!

"हे काय?"

"तुमचं पान, महाराज. भात आणू?"

"आण!"

गोजराने मीठ-लिंबू उचललं, तीन चौक ओलांडून कोठारात नेऊन ठेवलं, आणि भाताची मूद आणून वाढली.

"आणि वरण?"

"आणते की!" तिने मूद उचलली, कोठारात ठेवली, वरण आणलं आणि पानावर घातलं. भाताच्या आळ्याशिवाय वरण थांबतंय कुठे? ओघळ थेट महाराजांच्या पितांबरावर!

"अगं, भात कुठाय?"

"कोठारात!"

"श्रीखंड-पुरी तरी आण!"

पुरी आली. कोरडी पुरी कोण खाणार? महाराज श्रीखंडासाठी थांबले. गोजरा पुरी घेऊन गेली आणि श्रीखंड घेऊन आली.

"पुरी?"

"आत्ता तर परत ठेवली, महाराज! पुन्हा आणू? मग श्रीखंड नेते!"

इकडे दरबारी मंडळी मठ्ठा भुरकत होती. महाराजांच्या पोटात कावळे ओरडत होते. अजून एक घास तोंडात गेला नव्हता!

"पकडा हिला!" महाराज कडाडले. "राजाला उपाशी मारतेस?"

दाजीबा हात जोडून उभा राहिला. गोजरा मात्र जागची हलली नाही.

"उपाशी कसे, महाराज? कोठार तुडुंब भरलंय! शेजारच्या राजाच्या चौपट! पान तेवढं लहान ठेवलं. सकाळी लॅपटॉपसाठी तुम्हीच तसा हुकूम दिलात ना? तोही बिचारा असाच धावणार. एक काम उचलून ठेवणार, तेव्हा दुसरं वाढणार. तो हळू चालला, तर त्यात माझ्या बाबांचा काय दोष?"

महाराजांनी पानाकडे पाहिलं, पितांबराकडे पाहिलं.

"हं... पण मग माझी गाणी कुठे ठेवायची?"

"वेगळ्या डबीत, महाराज! बाहेरून जोडायची डबी मिळते. कोणी ऐकायला मागितलं, की लगेच जोडू!"

पहिलं हसू फुटलं ते पंगतीतल्या राणीसाहेबांना. मग महाराजांनाही आवरेना. पोट धरधरून हसले, आधीच रिकामं होतं ते!

"दाजीबा, मेमरी वाढवा! साठवण बेताची ठेवा! आणि तुम्हाला इथून कोण हलवतो तेच बघतो मी! अरे, केळीचं पान आणा कुणीतरी! आणि पोरी, तुलाही एक नवा लॅपटॉप! बोल, साठवण केवढी हवी?"

"साठवण?" गोजरा हसली. "माझ्याकडे साठवायला आहेच काय, महाराज? पान तेवढं मोठं द्या. वाढून घ्यायचं माझं मी बघते!"

महाराज इतके हसले की केळीच्या पानावरून उचललेली पुरी पुन्हा श्रीखंडाविना राहिली. तिला लॅपटॉप मिळाला, आणि मेमरी महाराजांच्या लॅपटॉपपेक्षा दुप्पट!