थोरल्याच्या हातची उंची

गाड्या आणि हत्यारं एकमेकांशी बोलत होती, त्या काळातली गोष्ट. अंकुशनं आपली हलकी लाल गाडी शर्यतीसाठी अगदी खाली बसवली होती. गतिरोधकावर तिचं पोट घासलं की तोच कळवळून म्हणायचा, “आई गं!”

अंकुश वारला आणि गाडी शेडमध्ये एकटी पडली. आईला रोज दवाखान्यात न्यायचं म्हणून त्याचा धाकटा भाऊ भीमा तिची उंची वाढवायला बसला. पण गाडीनं स्प्रिंगखालची, उंची कमीजास्त करायची चकती घट्ट धरून ठेवली.

“सोड की गं,” पाना म्हणाला.

“ही उंची त्याच्या हातची आहे. ती गेली तर माझ्याकडे त्याचं काय उरलं?”

भीमानं चिडून फडकं मारलं. धूळ उडाली आणि चकती फिरते त्या आट्यांवर, दोन बोटं वर, पांढऱ्या रंगाची रेघ दिसली.

“हीसुद्धा त्याचीच,” पाना म्हणाला. “आई बसणार असली की तो तुला तिथवर उचलायचा. शेवटच्या वेळी तेवढं राहून गेलं बघ.”

गाडीनं चकती सोडली.

दुसऱ्या दिवशी गतिरोधकावर तिचं पोट घासलं नाही. तरी अंकुशचं “आई गं!” ऐकू येईल म्हणून ती क्षणभर रेंगाळली, आणि मग आईला घेऊन पुढे गेली.