दगडाखालची जागा

“मग बदलायचं की नाही, गुरुजी? तुम्ही एवढा एकच शब्द बोला.”

दोएन गुरुजी मठाच्या अंगणात लोणच्यासाठी मुळे धूत बसले होते. त्यांनी हातातला मुळा उलटसुलट करून पाहिला आणि पुन्हा पाण्यात घातला.

विचारणारा होता इवामोतो. याच डोंगरातल्या नागासे गावात जन्मलेला, लहानपणी याच अंगणात झाडू मारून शिकलेला, आणि आता टोकियोत संसदेचा सभासद. अंगावर सूट, पायांत चकाकणारे बूट. मठाच्या दाराशी बूट काढताना मात्र ते जुन्या सवयीने नीट जोडून, टोकं बाहेर करून ठेवले होते. शिकवण कुठे ना कुठे शिल्लक राहतेच.

प्रश्न तसा लहान नव्हता. जपान महायुद्ध हरला, आणि परक्या सैन्याच्या देखरेखीखाली देशाची राज्यघटना तयार झाली. तीत एक कलम असं, की हा देश युद्धाचा कायमचा त्याग करत आहे. तेव्हापासून त्या घटनेतलं एक अक्षर बदललेलं नाही. आता ते कलम बदलावं असा ठराव यायचा होता, आणि तो मांडायचा मान पक्षाने इवामोतोला दिला होता.

दोएन गुरुजींचा शब्द देशभर मानला जाई. त्यांचा होकार मिळाला तर ठरावाचं निम्मं काम होणार होतं. पण खरं सांगायचं तर इवामोतोला तो होकार स्वतःसाठीच हवा होता. भाषण लिहून तयार होतं, तरी छातीवरचं दडपण काही उतरत नव्हतं.

“सांग तुझं म्हणणं,” गुरुजी म्हणाले.

इवामोतोने सांगितलं, आणि चांगलं सांगितलं. शेजारचे देश शस्त्रं वाढवत आहेत, क्षेपणास्त्रं आपल्या डोक्यावरून समुद्रात पडत आहेत, आणि आपण आजोबांच्या काळातल्या कागदाला धरून बसलो आहोत. काळ बदलला की कायदा बदलावा लागतो. आणि मुख्य म्हणजे स्वाभिमान. ज्या देशाने राखेतून शहरं उभी केली, त्याने आपली घटना परक्यांच्या हातची का वापरावी? उसन्या कपड्यांत माणूस किती दिवस मिरवणार, असं त्याने विचारलं.

बोलताना त्याचा आवाज चढला होता. त्यात खोटं काही नव्हतं. त्याला आपल्या देशाचा अभिमान होता, आणि तो त्याला शोभतही होता.

गुरुजींनी मान डोलावली.

“बरोबर आहे.”

“म्हणजे... होकार?”

“म्हणजे तू म्हणतोस ते बरोबर आहे.”

गुरुजी पुढचा मुळा धुवायला लागले. इवामोतोने मग दुसरी गोष्ट काढली.

त्याने मठाला भेट आणली होती. अंगणाबाहेर एक मालट्रक उभा होता, त्यावर पांढऱ्या कापडात गुंडाळलेली काशाची नवी घंटा, आणि मागे क्रेन. कारण मठाच्या घंटाघरात घंटा नव्हती. तिथे दगड टांगलेला होता.

होय, दगड. दोन माणसांच्या कवेत मावणार नाही एवढा, जाड दोराला टांगलेला. परगावचे लोक पाहून हसत. गावातली पोरं मात्र त्याच्याकडे बोट दाखवून ‘आमचा दगड’ म्हणत, आणि ते ऐकणाऱ्याला हसू आवरावं लागे, इतक्या तोऱ्यात म्हणत.

युद्धाच्या काळात सरकारने तोफगोळ्यांसाठी देवळांच्या घंटा नेल्या. नागासेचीही नेली. जवानाला निरोप द्यावा तसा गावाने घंटेला पट्टा बांधला, भाषणं केली, वाकून नमस्कार केला. गावाला तेव्हाही अभिमानच वाटला होता. पुढे जवानही परत आले नाहीत आणि घंटाही नाही.

मग रिकामं घंटाघर वादळात कलायला लागलं. ते बांधलेलंच होतं वजन पेलण्यासाठी. वजन नाही म्हटल्यावर खांब सांध्यांतून सुटू लागले. देश हरल्यावर खाली नदीवर पूल बांधणाऱ्या परक्या सैनिकांनी हे पाहिलं, आणि पुलाचा उरलेला एक दगड मठापुढे आणून टाकला. हा टांगा, म्हणाले. गावाला तो अपमान झोंबला. जिंकणाऱ्यांचा दगड हरलेल्यांच्या छपराखाली कोण टांगणार?

शेवटी टांगला तो बायकांनी. गावात तरणे पुरुष उरलेच नव्हते. खाली दांडे घालून विधवांनी आणि आयांनी तो खांद्यावर उचलला, तेव्हा कुठे दोर बांधता आला. त्या दिवसापासून तो जमिनीला टेकलेला नाही.

हे सगळं इवामोतोला ठाऊक होतं. आणि म्हणूनच त्याच्या मनात आलं होतं, की तो दगड उतरवावा आणि आपली घंटा चढवावी. रविवारी वर्तमानपत्रवाले येणार होते. नवी घंटा, नवी घटना. छायाचित्र छान आलं असतं.

“गुरुजी, हा दगडसुद्धा त्यांचाच,” तो म्हणाला.

“होय. त्यांचाच होता.”

गुरुजी हात पुसत उठले आणि ट्रककडे गेले. कापड बाजूला करून त्यांनी घंटेवर नख वाजवलं. बारीक, लांब आवाज निघाला. ते डोळे मिटून तो संपेपर्यंत ऐकत राहिले.

“गोड आहे. मन लावून ओतलेली आहे.”

इवामोतो खूश झाला. गुरुजींच्या तोंडून एवढं कौतुक त्याने लहानपणीही ऐकलं नव्हतं.

“आता दोर बघ,” गुरुजी म्हणाले.

दोघे घंटाघराखाली गेले. दगडाचा दोर वरच्या गाठीपाशी झिजला होता, त्याचे पीळ सुटून बाहेर आले होते. इवामोतो नकळत एक पाऊल मागे सरला.

“हा तर कधीही तुटेल.”

“तुटेल. वेळच्या वेळी बदलावा लागतो. आतापर्यंत बरेचदा बदललाय आम्ही. या खेपेला मात्र राहिला.”

“का?”

“एक घर येत नाही.”

कुठलं घर, हे इवामोतोने विचारलं नाही. तो कामाचा माणूस होता. अडचण दिसली की तोडगा काढायची त्याला सवय. त्याने मागे वळून क्रेनवाल्याला हात केला.

“त्यात काय, गुरुजी. क्रेन आहे ना. दगड अलगद धरून ठेवेल, तुम्ही चहा पिईपर्यंत दोर बदलून होईल. घंटेचं नंतर बघू.”

क्रेनवाल्याने इंजिन सुरू केलं. क्रेनचा लांब हात घंटाघराकडे वळला.

गुरुजी क्रेनकडे बघत राहिले. मग त्यांनी अगदी सहज विचारावं तसं विचारलं.

“क्रेनच्या घरचं कोण गेलं होतं?”

क्रेनवाल्याने इंजिन बंद केलं. त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

गुरुजींनी दाराशी टांगलेली लाकडी फळी वाजवली. शेतांतून, घरांतून, खालच्या गिरणीतून माणसं येऊ लागली. कुणाच्या हाताला माती, कुणाच्या पीठ. त्यांनी दगडाखाली जुने दांडे सरकवले आणि ज्याची त्याची जागा घेतली. कुणी कुणाला विचारलं नाही. दांड्यावर प्रत्येक घराच्या जागी कापडाची गुंडाळी होती, खांद्याला टोचू नये म्हणून; आणि ती बाजारातली नव्हती. घरातून जो युद्धावर गेला त्याच्या कपड्याची पहिली पट्टी, मग पुढच्या पिढ्यांची तिच्यावर.

पूर्वेच्या कोपऱ्यावर एक जागा रिकामी राहिली.

इवामोतो तिथे गेला. वरची पट्टी निळी होती, बारीक पांढऱ्या ठिपक्यांची. तो ते कापड ओळखत होता. त्याची आई स्वयंपाक करताना कमरेला बांधायची ते. खाली कडेला दुसरी एक पट्टी डोकावत होती, आजीची असावी. आणि त्याखाली मळकट खाकी रंगाचा काठ.

आजोबांना त्याने कधी पाहिलं नव्हतं. भाषणात मात्र त्यांचा उल्लेख होता, सुरुवातीलाच, टाळ्या मिळाव्यात अशा जागी. त्या वाक्याची त्याला आता लाज वाटली.

त्याने कोट काढला. घडी घालायचंही त्याला सुचलं नाही, कठड्यावर टाकला आणि दांड्याखाली खांदा दिला.

“सोडा,” वर चढलेल्या माणसाने हाक दिली, आणि जुना दोर सुटला.

वजन आलं.

ते एकदम आलं आणि सगळ्यांवर आलं. इवामोतोच्या कण्यातून कळ गेली. त्याच्या शेजारी गिरणीवाल्या साकागुची बाई होत्या. त्यांनी गेल्या निवडणुकीत गावभर फिरून त्याच्याविरुद्ध मतं मागितली होती. पलीकडे म्हातारा हिराता होता, जो त्याची तसबीर दुकानात लावून बसे. आता त्या दोघांच्या मधोमध तो उभा होता. त्याचा गुडघा वाकला तर भार त्यांच्यावर जाणार होता, आणि त्यांचा वाकला तर त्याच्यावर.

“दम धर रे,” साकागुची बाई दातांतून म्हणाल्या. “सरळ उभा राहा. तुझी आई सरळ उभी राहायची.”

तो सरळ उभा राहिला.

वर नवा दोर ओवला गेला. गाठ बसली, पुन्हा तपासली गेली. मग खांद्यांवरचा दगड हळूहळू दोराने आपल्याकडे घेतला, आणि घंटाघराचे खांब एकदा करकरले, मग शांत झाले.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. लोकांनी दांडे बाहेर काढून जागेवर ठेवले, एकमेकांच्या पाठीवर थाप मारली. हिराताने दगडावरून हात फिरवला, दावणीच्या बैलावरून फिरवावा तसा. साकागुची बाईंनी इवामोतोच्या शर्टाला लागलेलं पीठ झटकलं. ते त्यांच्याच हातचं होतं.

इवामोतोचे डोळे भरले होते. सभांमध्ये देशाचा अभिमान त्याने पुष्कळदा बोलून दाखवला होता, पण तो असा खांद्यात दुखताना त्याला पहिल्यांदाच कळत होता. या माणसांतला आपण एक आहोत, याचा त्याला फार मोठा अभिमान वाटला. परक्याने टाकलेला दगड होता, आणि जगात यापेक्षा जास्त आपलं असं काही असेल, असं त्याला वाटेना.

गुरुजी पुन्हा मुळ्यांपाशी जाऊन बसले होते.

इवामोतो त्यांच्यापुढे बसला. शर्ट खांद्यावर फाटला होता. पण माणूस राजकारणातला, आणि शिवाय हुशार. त्याच्या लक्षात आलं की आज आपल्या डोळ्यांसमोर जे झालं ते एका अर्थी आपल्याच बाजूचं आहे.

“गुरुजी, तुम्ही दोर बदललात.”

“हो.”

“वेळच्या वेळी बदलावा लागतो, असंही म्हणालात.”

“म्हणालो.”

“मग मी तिकडे जाऊन ठराव मांडतो, त्याला तुमची हरकत नाही. असंच समजू ना?”

दांडे ठेवून परतणारी माणसं थबकली. साकागुची बाईही थांबल्या, हिराताही थांबला.

गुरुजींनी मुळा पाण्यातून काढला, झटकला, चटईवर ठेवला. मग इवामोतोच्या खांद्याकडे पाहिलं. फाटलेल्या शर्टातून तिथे निळसर वळ दिसत होता.

“तुझ्या आईचा याच खांद्यावर होता,” ते म्हणाले.

“मी विचारलं त्याचं उत्तर, गुरुजी.”

“देतो.”

गुरुजींनी पुढचा मुळा उचलला.

“तिकडे टोकियोत तुम्ही दोर सोडाल... तेव्हा खाली कोण कोण उभं असेल?”