हरलेल्या डावाचं पान

सकाळचे दहा वाजून वीस मिनिटं झाली होती, तेव्हा शार्दूलनं विचारलं,

“…मग हा अंक छापायचाच कशाला, उस्ताद?”

उस्ताद मुजावर दर्ग्याच्या ओवरीत भिंतीला पाठ लावून बसले होते.

आमच्या जिल्हा बुद्धिबळ महासंघाची सभा होती. महासंघाचं एक मासिक आहे, ‘अडीच घरं’. ते उस्ताद काढतात. शार्दूल घाटगे त्यांचाच शिष्य. प्यादं कसं चालवायचं ते याच ओवरीत शिकला. आता परदेशात खेळून आलाय, महासंघाचा सचिव झालाय. त्याला मासिक बंद करून नवी वेबसाइट काढायची होती.

मी धाकट्याला मांडीवर घेऊन खांबाशी बसले होते. तो उठून रडायला लागला तर काय, ही एक धास्ती. दुसरी धास्ती तनूची.

तनू माझी थोरली, नऊ वर्षांची. उस्तादांकडे शिकते. मागच्या महिन्यात स्पर्धेत हरली आणि तेव्हापासून पटाला हात लावला नाही. जेवायला बसली की भाताशी खेळत बसायची.

मासिकात एक पान असतं, ‘हरलेला डाव’. त्या पानावर उस्ताद हरणाऱ्याच्या बाजूनं डाव सांगतात. तनूचा डाव पुढच्या अंकात येणार होता.

“उस्ताद माझ्या बाजूनं लिहितील,” ती म्हणायची. “मग मी खेळीन.”

तिच्यासाठीच मी सभेला आले, आणि इथं तर अंकच राहतो की जातो, अशी गत.

“बोला की, उस्ताद,” शार्दूल म्हणाला. “गप्प बसून महासंघ चालत नाही.”

“तू बोलतोयस ना,” उस्ताद म्हणाले.

“मी एकटाच बोलतोय!”

“मग दमशील.”

लोक हसले. शार्दूलच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

अध्यक्ष बेडगेसाहेबांनी मांडीवर थाप मारली. “हे असं संध्याकाळपर्यंत चालेल. मला दुपारी लग्नाला जायचंय. काहीतरी तोड काढा.”

“घड्याळ आणा,” शार्दूल म्हणाला. “दोघांना दहा-दहा मिनिटं. ज्याची वेळ आधी संपेल त्यानं माघार घ्यायची. खेळात घेतो तशीच. महासंघाच्या नियमाप्रमाणे.”

“नियमाप्रमाणे?” उस्तादांनी विचारलं.

“अगदी नियमाप्रमाणे.”

“सगळ्या नियमांप्रमाणे?”

“मी स्वतः पंच आहे, उस्ताद. नियम मला शिकवू नका.”

उस्तादांनी मान डोलावली.

हरिभाऊ कोष्टी, आमचे जुने सभासद, आतून घड्याळ घेऊन आले. चावीचं, दोन तोंडांचं. आपलं बोलून झालं की आपल्या बाजूचा खटका दाबायचा. आपला काटा थांबतो, समोरच्याचा सुरू होतो. वेळ संपली की बारकी लाल झेंडी पडते.

“पट कुठाय?” उस्ताद म्हणाले.

“पट कशाला? आपण बोलणार आहोत.”

“पटाशिवाय घड्याळ मांडत नाहीत.”

शार्दूल हसला. “मांडा. तुमची हौस.”

उस्तादांनी पट मांडला. पांढरी शार्दूलच्या पुढ्यात, काळी आपल्या. सगळी मोहरी नीट घरात बसवली. घोड्यांची तोंडं पुढं केली.

घड्याळ सुरू झालं.

“पहिली गोष्ट,” शार्दूल म्हणाला. “अंकात नवशिक्यांचा धडा असतो. प्यादं असं चालतं, हत्ती तसा चालतो. आता मोबाइलवर हजार व्हिडिओ पडलेत. वेबसाइटवर त्याची गरज नाही.”

त्यानं खटका दाबला.

उस्तादांचा काटा चालू झाला.

मग त्यांनी हाताच्या कडेनं शार्दूलची आठही प्यादी पटाच्या बाहेर सारली. अलगद. एकही आडवं पडू दिलं नाही.

“अजून?” म्हणाले, आणि खटका दाबला.

“वाड्यावस्त्यांचे निकाल. कुठल्याशा यात्रेतल्या स्पर्धेत कोण तिसरा आला, ते कोण वाचतं? ज्यांना रेटिंग आहे त्यांचेच निकाल ठेवायचे.”

खटका.

काटा टिकटिकत होता. मला वाटलं, बोला हो, उस्ताद. काहीतरी बोला.

उस्तादांनी शार्दूलचे दोन्ही घोडे उचलले, प्याद्यांशेजारी ठेवले आणि खटका दाबला.

“अजून?”

हरिभाऊंना राहवलं नाही. “उस्ताद, आत्ताच आवरायला लागलात? हरलो म्हणून सांगा तरी.”

“माझं कुठं आवरतोय?” उस्ताद म्हणाले. “त्याला जे नको, ते बाजूला ठेवतोय.”

“ठेवा, ठेवा,” शार्दूल म्हणाला. “सुटसुटीत होतंय. मला तेच पाहिजे. आता कोडं घ्या. या महिन्यात कोडं, उत्तर पुढच्या महिन्यात! उस्ताद, लोकांना आत्ता उत्तर लागतं. बोट लावलं की उत्तर. आणि ती वाचकांची पत्रं… एक म्हणतो घोडा असा पाहिजे होता, दुसरा म्हणतो तुझ्या बापानं खेळला होता का असा घोडा. भांडणंच नुसती.”

“माझं पत्र होतं ते,” हरिभाऊ म्हणाले.

“तेच म्हणतोय मी.”

ओवरीत मोठा हशा झाला. धाकटा दचकला. मी त्याला थोपटलं.

खटका.

उस्तादांनी हत्ती काढले. उंट काढले. घाई नव्हती. एकेक उचलायचे, थोडं बघायचे, ठेवायचे.

काटा वर चढत होता. झेंडी हळूहळू उचलली जात होती.

“उस्ताद, वेळ बघा,” बेडगेसाहेब म्हणाले.

“दिसतीय.”

“मग बोला ना काही.”

“अजून?” उस्ताद शार्दूललाच म्हणाले. खटका दाबला.

या वेळी शार्दूलचा काटा चालत राहिला. तो पटाकडं बघत होता, पण त्याला पट दिसत नसावा.

“ते पान,” तो म्हणाला.

“कुठलं?”

“तुम्हाला माहीत आहे कुठलं. हरलेला डाव… मी अकरा वर्षांचा होतो, उस्ताद. माझा हरलेला डाव छापलात तुम्ही. नाव, गाव, शाळा सगळं. मास्तरांनी वर्गात वाचून दाखवला. वर्षभर मला पोरं ‘हरका घाटगे’ म्हणायची.”

कुणीच हसलं नाही.

“लहान पोराचा पराभव गावभर वाटायचा, ही कसली विद्या?” त्याचा आवाज चढला. मग तो एकदम माझ्याकडं वळला. “ह्या ताईंना विचारा. ताई, तुमच्या मुलीचा डाव आहे ना पुढच्या अंकात? हरलेला? आवडेल तुम्हाला, सगळ्यांनी वाचलेला?”

सगळ्या माना माझ्याकडं फिरल्या.

हे तर माझ्या मनात कधी आलंच नव्हतं. खरंच पोरं तिला चिडवतील का? नाव ठेवतील? आधीच जेवत नाही…

“बोला, वैनी,” हरिभाऊ हळूच म्हणाले.

“तिनंच दिलाय तो,” मी म्हणाले. “आम्ही नको म्हणत होतो. तिनं रडत रडत सगळ्या चाली उतरून काढल्या. म्हणाली, मी चांगली खेळले होते, पण कुणी बघितलंच नाही.”

“लहान आहे ती! तिला काय कळतंय?”

“तिला कळत नसेल,” मी म्हणाले. “पण डाव तिचा आहे.”

कुठून बोलले कुणास ठाऊक. मी धाकट्याचं टोपडं नीट करत बसले.

शार्दूलनं खटका दाबला. जोरात.

“ते पान नको म्हणजे नको,” तो म्हणाला. “वेबसाइटवर फक्त जिंकलेले डाव.”

आता काटा उस्तादांचा होता. थोडाच वेळ उरला होता.

उस्ताद पुढं वाकले.

“तो तुझा डाव… आठवतो तुला?”

“प्रत्येक चाल आठवते.”

“खाली मी काय लिहिलं होतं?”

शार्दूल घड्याळाकडं बघायला लागला.

“सांग की.”

“…बाविसाव्या चालीला या पोरानं वजिराचं बलिदान द्यायची हिंमत केली. चुकलं. पण जिल्ह्यात दुसऱ्या कुणाला सुचलं नसतं.”

“हं. आणि गेल्या महिन्यात जिंकलास, त्या डावाची बाविसावी चाल कुठली?”

“बाविसावी… नाही आठवत.”

उस्तादांनी त्याचा पांढरा वजीर उचलला. प्यादी, घोडे, हत्ती, उंट होते तिथं नेऊन ठेवला.

मग हात मांडीवर घेतले आणि नुसते बसले.

खटका दाबला नाही.

“उस्ताद, दाबा!” हरिभाऊ ओरडले.

उस्ताद बसले होते…

“अहो, दाबा की! वेळ चाललीय!”

तनूला घरी जाऊन काय सांगू, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

झेंडी पडली.

बारकासाच आवाज झाला. पण सगळ्यांना ऐकू गेला.

शार्दूल उठून उभा राहिला. “संपलं. वेळ संपली, उस्ताद. तुम्ही हरलात. साहेब, लिहून घ्या. अंक बंद.”

बेडगेसाहेबांनी पेनाचं टोपण काढलं.

“थांबा,” उस्ताद म्हणाले. “पंच कोण आहे?”

“मी,” शार्दूल म्हणाला.

“मग पंचांना विचारतो. काळ्याची वेळ संपली. पांढऱ्याकडं पटावर काय आहे?”

शार्दूलनं खाली बघितलं.

काळी सोळाच्या सोळा जागेवर होती. पांढऱ्या बाजूला राजा उभा होता. एकटा.

“नियम सांगा, पंच.”

शार्दूलची नजर बाजूला काढलेल्या मोहऱ्यांकडं गेली.

“मला नियम शिकवू नका म्हणाला होतास. मी शिकवत नाही. तू सांग.”

“हा डाव नव्हता, उस्ताद. ही चर्चा होती!”

“डाव नव्हता तर झेंडी पडल्यावर उठून उभा का राहिलास?”

हरिभाऊ मांडीवर थापा मारून हसायला लागले. बेडगेसाहेबांना काही कळेना. “अरे, काय नियम आहे तो सांगा तरी कुणीतरी!”

शार्दूल बराच वेळ पटाकडं बघत राहिला. आता मात्र त्याला पट दिसत होता.

“समोरच्याची वेळ संपली,” तो खालच्या आवाजात म्हणाला, “पण आपल्याकडं नुसता राजाच उरला असेल… तर जिंकता येत नाही. नुसत्या राजानं मात होत नाही. डाव बरोबरीत सुटतो.”

“म्हणजे?” साहेबांनी विचारलं.

“म्हणजे कुणीच माघार घ्यायची नाही,” हरिभाऊ म्हणाले. “तुम्ही लग्नाला जा.”

शार्दूल खाली बसला. त्यानं आपला राजा हातात घेतला, फिरवला, परत ठेवला.

“वेबसाइट मी काढणारच,” तो म्हणाला.

“काढ की. मी कधी नको म्हणालो? आज एकदा तरी नको म्हणालो का?”

“…नाही.”

“नको नको तूच म्हणत होतास.”

शार्दूलनं मान वर केली. शिष्य असला तरी ताठ. वाकायचा नाही. उस्तादांनीच तसा घडवला होता.

“ठीक आहे. बरोबरी तर बरोबरी. पण सचिव म्हणून सांगतो, अंकावर महासंघाचं नाव लावता येणार नाही. ते पान आहे तोवर नाही.”

बेडगेसाहेब टोपण लावता लावता थांबले.

उस्तादांच्या शेजारी पुढच्या अंकाचं कच्चं मुखपृष्ठ पडलं होतं. वर ठळक अक्षरात महासंघाचं नाव, खाली घोड्याचं चित्र.

त्यांनी ते उचललं. वरची पट्टी सावकाश, सरळ फाडली. घोड्याचा कानसुद्धा दुखावला नाही.

पट्टी शार्दूलच्या हातात दिली.

“घे. हे तुझं.”

शार्दूल ती पट्टी धरून बसला. मघाचा ताठा होता, पण डोळे भरले होते.

“मग अंक कुणाचा म्हणून काढणार, उस्ताद? खाली नाव काय घालणार? कोण आहे तुमच्याबरोबर?”

उस्तादांनी फाडलेलं मुखपृष्ठ मांडीवर ठेवलं.

मग माझ्याकडं बघून म्हणाले,

“पोरी, तू एस्टीनं जाशील ना? वाटेत कुणी भेटेल, घरी कुणी भेटेल… जो जो हरलाय त्याला सांग. डाव पाठवा म्हणावं.”