पडद्याकडे पाठ

पडद्याकडे पाठ करून तुम्ही कधी चित्रपट पाहिला आहे का? प्रश्न वेडगळ वाटेल. पण एका बाईने तो तसा पाहिला, पहिल्या दृश्यापासून शेवटच्या नावापर्यंत, आणि तिची हकिगत ऐकण्याजोगी आहे.

कृष्णाकाठच्या एका तालुक्याच्या गावी एकच चित्रपटगृह होते. तिकिटाच्या खिडकीला लागून तिथे एक काळा फळा टांगलेला असे. शुक्रवारी नव्या चित्रपटाचा पहिला खेळ सुटला की त्या फळ्यावर खडूने चार ओळींचे मत लिहिले जाई. लोक आधी फळा वाचत, मग खिडकीत हात घालत, किंवा न घालता घरी जात. फळा लिहिणारी होती ज्योत्स्ना. ती घरी ब्लाउज शिवायची, चाळिशी ओलांडलेली होती, आणि चित्रपटाचे तिला विलक्षण वेड होते.

हे वेड तिला दस्तगीरमास्तरांनी लावले होते. मास्तरांनी त्या चित्रपटगृहाचे यंत्र चाळीस वर्षे चालवले. ज्योत्स्ना आणि तिची मैत्रीण हर्षदा शाळकरी असताना मास्तर त्यांना यंत्रघरात घेत. तिथल्या भिंतीत पडदा दिसण्यापुरती एक छोटी खिडकी होती. खिडकी एक आणि डोकी दोन, म्हणून दोघी गालाला गाल लावून चित्रपट पाहत. सुटल्यावर मास्तर विचारीत, “कसा होता?” कुणी नुसते “मस्त” म्हटले की ते मान हलवीत. “का मस्त, ते सांगा. नाही आवडला, तर का नाही, ते सांगा. कारण नसलेलं मत मला नको.” निवृत्त झाल्यावर फळा त्यांनीच सुरू केला, आणि हात थरथरू लागला तेव्हा खडू ज्योत्स्नेच्या हाती दिला.

हर्षदा मात्र पुण्याला शिकायला गेली, तिकडेच राहिली, आणि एके दिवशी बातमी आली की तिने केलेल्या चित्रपटाला देशातला मोठा पुरस्कार मिळाला आहे.

ज्योत्स्नेने वर्तमानपत्रातला तो फोटो बराच वेळ पाहिला. हर्षदाच्या खांद्यावर शाल होती आणि चेहऱ्यावर तेच जुने हसू. दुपारी एका गिऱ्हाइकाच्या ब्लाउजासाठी कागदाचा नमुना हवा होता. घरात जुन्या रद्दीचा गठ्ठा होता, पण ज्योत्स्नेने तेच पान घेतले, हर्षदाच्या तोंडावर खडूने मागच्या गळ्याचा गोल आखला आणि कात्री चालवली.

त्या दिवसापासून फळ्याची भाषा बदलली. “पुरस्कार म्हटल्यावर घाबरू नका, एकदा बघा तर खरं,” असे गावाला सांगणारी ज्योत्स्नाच आता म्हणू लागली, “पुरस्काराचा पिक्चर म्हणजे काय? कॅमेरा एका जागी ठेवायचा आणि सगळ्यांनी चहा प्यायला जायचं!” एका मारधाडीच्या नव्या चित्रपटाला तिने ‘निदान ढोंग तरी नाही’ म्हणून शाबासकी दिली. दुसऱ्या एका साध्या, चांगल्या चित्रपटाला केवळ महोत्सवात गाजला म्हणून झोडपले. लोक हसत, आणि तेवढ्यापुरते तिला बरे वाटे. पण घरी मशीनवर बसले की पायाखालच्या फळीबरोबर एकच विचार वरखाली होई. खिडकी एकच होती. गालाला गाल लावून दोघींनी तेच पाहिले होते. मग तिलाच का?

अखेर हर्षदाचा चित्रपट गावात आला. मालक मास्तरांना म्हणाले, “तुमच्या शब्दाखातर लावतोय. फळा बरा लागला तर आठवडाभर ठेवीन, नाहीतर सोमवारी उतरवणार. रिकाम्या खुर्च्यांना पिक्चर दाखवून मला काय मिळतं?” म्हणजे हर्षदाचा चित्रपट तिच्याच गावात राहणार की जाणार, हे आता ज्योत्स्नेच्या खडूवर होते.

शुक्रवारी बाराच्या खेळाला ज्योत्स्ना बसली ती उसवलेली शिवण शोधणाऱ्या नजरेने. इथे दृश्य लांबले, तिथे संवाद पुस्तकी झाला, अशी ती बोटांवर मोजत होती. मध्यावर एक प्रसंग आला. नवरा वारलेली एक बाई संध्याकाळी स्वयंपाकघरात दोन ताटे मांडते, थोडा वेळ बसून राहते, मग त्यातले एक ताट पदराने पुसून पुन्हा फळीवर ठेवते. संवाद नाही, संगीत नाही.

ज्योत्स्नेच्या कानशिलाला ऊन लागल्यासारखे झाले. ते ताट तिच्या आईचे होते! वडील गेल्यावर वर्षभर आई असेच करायची. तेव्हा हर्षदा त्यांच्याच घरी जेवायला असायची. आपल्या घरातली गोष्ट हिने उचलली आणि वर शाल मिळवली! त्यापुढचा चित्रपट ज्योत्स्नेला दिसलाही नाही.

खेळ सुटताच तिने फळ्यावर लिहिले: ‘पुरस्कार मिळाला म्हणजे चित्रपट चांगला असतोच असे नाही. गोष्ट नाही, गती नाही. मध्ये दीड मिनिट काहीही घडत नाही. जायचे तर उशी घेऊन जा.’

उशीवर लोक खदखदून हसले. खिडकीपाशी आलेल्या दोन बायका तिथूनच परत फिरल्या. ज्योत्स्नेने बोटांवरचा खडू झटकला. मनाला गुदगुल्या झाल्या.

तेवढ्यात मास्तर काठी टेकत आले. त्यांनी चारही ओळी सावकाश वाचल्या, मग खिशातला रुमाल माठाच्या पाण्यात बुडवला आणि फळा स्वच्छ पुसून टाकला. बारा वर्षांत त्यांनी तिचा शब्द कधी पुसला नव्हता.

“मास्तर! वशिला लावताय होय तिचा?” ज्योत्स्नेचा आवाज चढला.

“तीनच्या खेळाला पुन्हा बस,” मास्तर म्हणाले. “पडद्याच्या खाली, कोपऱ्यात स्टूल ठेवलंय. पडद्याकडे पाठ करायची. काहीही झालं तरी मान वळवायची नाही.”

“पाठ करून काय दिसणार, कपाळ?”

“जे दिसेल ते,” मास्तर म्हणाले आणि जिन्याच्या पायरीवर बसले. आता ते आणखी काही बोलणार नाहीत, हे तिला ठाऊक होते. ज्योत्स्ना धुसफुसत आत गेली, पण गेली.

स्टुलावर बसलेली ज्योत्स्ना पाहून पुढच्या रांगेतल्या नारळवाल्या हौसाबाईंना राहवेना. “काय गं ज्योत्स्नाताई, आज पिक्चर आमच्या तोंडावर आहे की काय?”

“तुमच्या तोंडावर कशाला, मावशी? तुमचं तोंड बंद असतं तेव्हाच मी बघते!”

सगळे हसले. पंचवीसएक माणसे असतील. दिवे मंदावत होते तेव्हा दार उघडले आणि मास्तरांच्या हाताला धरून एक म्हातारी आत आली. तिसऱ्या रांगेतल्या कडेच्या खुर्चीवर त्यांनी तिला बसवले. ती ज्योत्स्नेची आई होती. गुडघ्यांमुळे गेली चार वर्षे ती चित्रपटगृहाची पायरी चढली नव्हती. ज्योत्स्ना उठणार होती, पण अंधार झाला आणि चित्रपट सुरू झाला.

तिच्या मागे पडद्यावरची माणसे बोलू लागली, आणि समोर पंचवीस चेहरे पडद्याच्या उजेडात उजळू नि मावळू लागले. पहिली दहा मिनिटे तिने रागाने जांभया मोजल्या. तीन निघाल्या. मग मोजायचे राहून गेले. सायकल दुकानवाला एका वाक्याला असा हसला की त्याच्याबरोबर तिलाही हसू आले, आणि ते वाक्य बाराच्या खेळाला आपण ऐकलेच नव्हते हे तिच्या लक्षात आले.

मग आवाज थांबला. ते दीड मिनिट आले होते.

हौसाबाईंचे तोंड उघडे होते, पण त्यातून शब्द निघत नव्हता. सायकल दुकानवाल्याची शेंगदाणे धरलेली मूठ हवेतच थांबली होती. ज्योत्स्नेची नजर तिसऱ्या रांगेकडे गेली. आई रडत नव्हती. ती किंचित पुढे झुकली होती, आणि तिचा उजवा हात मांडीवरच्या पदराचे टोक धरून, अंधारात, गोल गोल फिरत होता. ती ताट पुसत होती.

ज्योत्स्नेला मान वळवायचा मोह झाला नाही. वळवायची असती तरी वळली नसती.

खेळ सुटल्यावर ती आईपाशी गेली. आईने तिचा हात धरला. “हर्षीनं बघितलं होतं गं,” ती म्हणाली. “मला वाटायचं, माझ्या त्या ताटाकडं घरात कुणाचं लक्षच नव्हतं.”

“आई, मीपण बघितलं होतं. रोज बघायचे.”

“मग बोलली नाहीस कधी?” आईने सहज विचारले. तिच्या विचारण्यात तक्रार नव्हती, म्हणून तर ते जास्त लागले.

हौसाबाई आईला रिक्षापर्यंत पोचवायला गेल्या. ज्योत्स्ना जिन्यावर मास्तरांच्या शेजारी येऊन बसली. मग म्हणाली, “मास्तर, मला तिचा फार हेवा वाटतो. इतका की झोप लागत नाही.”

“ठाऊक आहे,” मास्तर म्हणाले. “पोरी, गावच्या नाटकात माझ्याबरोबर काम करणारा एक दोस्त होता. तो पुढं पिक्चरात गेला. त्याचा पहिला पिक्चर इथं लागला तेव्हा यंत्रावर मीच होतो. मी काय केलं असेल? भिंग केसभर सरकवलं. फक्त केसभर. पडद्यावर चित्र होतं, पण धूसर. लोक डोळे चोळत बाहेर यायचे आणि म्हणायचे, पिक्चरमध्ये दम नाही. तीन दिवसांत मालकानं उतरवला.”

“तुम्ही, मास्तर?” ज्योत्स्ना म्हणाली.

“कुणाला कळलं नाही. पण त्यानंतर कितीतरी महिने मला एकही चित्र स्पष्ट दिसेना. भिंग अगदी बरोबर असायचं, तरी मी ते पुन्हा पुन्हा फिरवून बघायचो. सरकवलं होतं त्याचं, धूसर झालं माझं. दोस्ताला ही गोष्ट सांगायची राहून गेली. तो आता नाही.” मास्तरांनी काठी दुसऱ्या हातात घेतली. “तुझा फळा मी वशिल्यासाठी पुसला नाही. पिक्चर खरंच आवडला नसेल तर उद्या तेच लिही, मी रुमाल काढणार नाही. पण बाराच्या खेळाला तू पिक्चर बघितलाच नाहीस. पडद्यावर तुला एकच नाव दिसत होतं. म्हणून म्हटलं, नाव जिथून दिसत नाही तिथं बसून बघ. आणि ते ताट म्हणशील, तर ते तुझ्या आईचं हे हर्षदानंच मला आधी सांगितलं होतं; ते काही तिनं चोरलं नाही. तुझ्याकडं होतं तसं ते अजून आहे. तिनं त्यातलं दुःख लोकांना वाढलं, तू झाकून ठेवलंस. झाकून ठेवणं हा काही गुन्हा नाही, पण दुसरी वाढते म्हणून तिच्यावर चिडायचं कशाला?”

“हेवा जाईल का, मास्तर?”

“माझा कुठं पूर्ण गेला? पण तो आत आहे हे ठाऊक असलं की भिंगाकडं जाणारा हात थांबवता येतो.”

ज्यांच्या हाती दुसऱ्याच्या कामाचे मोल सांगण्याचा खडू असतो, त्या सर्वांनी मास्तरांचे हे भिंग आठवावे.

दुसऱ्या दिवशी सकाळी चित्रपटगृह उघडण्याआधीच ज्योत्स्ना तिथे पोचली आणि तिने फळ्यावर लिहिले: ‘कालचे मत चित्रपटाविषयी नव्हते, म्हणून पुसले. हर्षदा माझी मैत्रीण आहे आणि मला तिचा हेवा वाटतो, हे ध्यानात ठेवून पुढचे वाचा. सुरुवातीचे संवाद थोडे पुस्तकी आहेत. मधल्या दीड मिनिटासाठी मात्र जा, आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाला बरोबर न्या.’ खिडकी उघडल्यावर तिने बाराच्या खेळाची दोन तिकिटे घेतली, एक आपले आणि एक आईचे.